वाचकांचे प्रश्न : विष नेमकं कुठं बसतं?

साप, विंचू आणि धनुर्वात यांच्याबद्दल आलेल्या पत्रांतून निवडलेले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. सगळ्यांचा विषय एकच आहे : चेता (मज्जातंतू) आणि स्नायू यांच्यातला निरोप बिघडवणारी विषारी प्रथिनं.

प्रश्न : श्रावणात आमचा पुतण्या शेतातल्या आखाड्यावर खाली अंथरूण टाकून झोपला होता. पहाटं पोटात कळ उठली, दोनदा उलटी झाली. आम्हाला वाटलं खाण्यात काही आलं असंल. दिवस उगवेपर्यंत पापण्या मिटाय लागल्या, थुंका गिळता येईना. अंगावर दात दिसला नाही, सूज नाही. दवाखान्यात म्हणले मण्यारीचं पान लागलंय. सापाच्या औषधाच्या वीस बाटल्या दिल्या, तरी पोरगं आठवड्याच्या वर श्वासाच्या मशिनवर होतं. आता चांगलं आहे. पण गावात म्हणतेत औषधच खोटं होतं. खरं काय?
— शेतकरी, केज तालुका (जि. बीड)

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या हकिकतीत औषध खोटं होतं असं दाखवणारं काहीच नाही. मण्यारीच्या दंशात बरेचदा असंच होतं. त्याचं कारण समजायला तिच्या विषातलं मुख्य प्रथिन कुठं जाऊन बसतं ते पाहावं लागतं.

चेतेचं टोक स्नायूला थेट टेकलेलं नसतं, मध्ये अतिसूक्ष्म फट असते. टोकाच्या आत असिटिलकोलीन या रसायनाने भरलेल्या बारीक पुटिका (पिशव्या) असतात. मेंदूचा निरोप तिथं पोचला की कॅल्शियम आत शिरतं, पुटिका रित्या होतात, असिटिलकोलीन फट ओलांडून स्नायूवरच्या ग्राहींना (निरोप घेणाऱ्या प्रथिनांना) चिकटतं आणि स्नायू आकसतो. मण्यारीच्या विषात बीटा-बंगारोटॉक्सिन वर्गाची प्रथिनं असतात. त्यांत दोन साखळ्या जोडलेल्या असतात : एक सुमारे 120 अमिनो आम्लांची, दुसरी सुमारे 60 ची. लहान साखळी चेतेच्या टोकावर पकड घेते. मोठी साखळी म्हणजे फॉस्फोलायपेज ए-2 हे विकर (एन्झाइम). ते टोकाच्या आवरणातली मेदद्रव्यं तोडतं. पुटिका संपतात, नव्या भरत नाहीत, कॅल्शियम बेसुमार आत येतं आणि शेवटी ते टोकच मरतं.

सर्पविषावरच्या औषधात घोड्याच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं असतात. रक्तात मोकळं फिरणारं विष ती धरतात. चेतेच्या टोकात शिरून बसलेल्या विषापर्यंत ती जात नाहीत आणि मेलेलं टोक तर जिवंत करूच शकत नाहीत. आपल्याकडच्या औषधाच्या 1 मिलिलिटरने मण्यारीचं 0.45 मिलिग्रॅम विष निकामी व्हावं, असं प्रमाण ठरलेलं आहे. म्हणजे 10 मिलिलिटरची एक बाटली 4.5 मिलिग्रॅमला पुरते आणि दहा बाटल्या 45 मिलिग्रॅमला. म्हणूनच चेतांवर परिणाम दिसला की आधी दहा बाटल्या देतात आणि तासा-दोन तासांत लक्षणं वाढतच राहिली तर आणखी दहा. वीसनंतर बाटल्या वाढवून काही मिळत नाही. तिथून पुढं रुग्णाला जगवतो तो श्वास. उंदरांवरच्या प्रयोगांत मेलेल्या टोकांच्या जागी नवे धागे फुटायला काही दिवस लागतात असं दिसलं आहे. माणसात पुरती ताकद यायला आठवडेही जातात. तुमचा पुतण्या मशिनवर होता ते दिवस या नव्या टोकांच्या वाढीचे होते.

दात न दिसण्याचं कारण सरळ आहे. मण्यारीचे दात फार आखूड, दंशाला वेदना जवळजवळ नाही आणि तिच्या विषाने सूज येत नाही. पापण्या आधी मिटतात, कारण डोळ्यांचे स्नायू सतत कामात असतात आणि निरोपातली थोडी तूटही त्यांना सोसत नाही. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी व उलटी सुरू झाली आणि सोबत पापण्या जड झाल्या किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर मण्यार चावली असंच धरून निघा. साप दिसण्याची, खूण सापडण्याची वाट पाहू नका.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. मण्यारीच्या विषाने पूर्ण लुळा पडलेला माणूस डोळा उघडत नाही, बोट हलवत नाही, बाहुल्याही मोठ्या होऊन प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत. मेंदू मेल्यासारखंच हे चित्र दिसतं. पण पुरेसा प्राणवायू मिळत असेल तर आतून तो शुद्धीवर असू शकतो आणि खाटेभोवती चाललेलं बोलणं त्याला ऐकू येत असतं. अशा रुग्णाचं मशीन काढायची घाई कोणी करू नये. 108 च्या गाडीतून अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वैद्यकीय महाविद्यालयात हलवताना अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) चालवू शकणारा माणूस सोबत हवाच. मोठ्या माणसाला दर पाच-सहा सेकंदांनी एक दाब. श्वास चालू असेल तर एका कुशीवर झोपवा, लाळ बाहेर पडू द्या. पाणी किंवा चहा पाजू नका, तो फुफ्फुसात जातो.

प्रश्न : प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकटा असताना पापण्या पडलेला रुग्ण येतो. साप कोणता ते नातेवाइकांना सांगता येत नाही. निओस्टिग्मिन द्यावं की नाही?
— वैद्यकीय अधिकारी, हिंगोली जिल्हा

उत्तर : एकदा द्या, पण मोजून पाहा. नागाच्या विषातली चेताविषं लहान असतात, 60 ते 75 अमिनो आम्लांच्या आसपासची. ती फटीच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे स्नायूवरच्या ग्राहीवर, असिटिलकोलीनच्या जागी बसतात. चेतेचं टोक शाबूत असतं आणि असिटिलकोलीन सुटतही असतं. निओस्टिग्मिन ते मोडणाऱ्या विकराला अडवतं, त्यामुळं असिटिलकोलीन साचतं आणि उरलेल्या ग्राही गाठतं. मण्यारीत असिटिलकोलीन सुटणंच बंद झालेलं असतं. विहिरीवरची मोटारच जळाली असेल तर बांधावरचा पाइप दुरुस्त करून रानात पाणी येत नाही. मण्यारीच्या विषात ग्राहीवर बसणारीही प्रथिनं असतात, म्हणून क्वचित थोडा प्रतिसाद मिळतो, पण त्यावर विसंबू नका.

मोठ्या माणसाला आधी ॲट्रोपिन 0.6 मिलिग्रॅम शिरेतून, मग निओस्टिग्मिन 1.5 मिलिग्रॅम स्नायूत. 0.5 मिलिग्रॅमचे ॲम्प्यूल असतील तर तीन. ॲट्रोपिन विसरलात तर नाडी मंदावते आणि लाळ व श्वासनलिकेतला स्राव वाढतो. ज्याला थुंकी गिळता येत नाही त्याच्यासाठी तेवढंही जिवावरचं ठरतं. सुई देण्याआधी दोन पापण्यांमधली फट पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, तोंड किती उघडतं ते पाहा आणि एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते लिहून ठेवा. मग दर दहा मिनिटांनी हेच, तासभर. ‘जरा बरं वाटतंय’ हा निकष नाही. आकड्यांत सुधारणा झाली तर दर अर्ध्या तासाने निओस्टिग्मिन 0.5 मिलिग्रॅम ॲट्रोपिनसह चालू ठेवा. तासाभरात फरक नसेल तर थांबवा आणि श्वासाच्या तयारीला लागा.

निओस्टिग्मिन हाताशी नसेल तर हातमोज्याच्या बोटात बर्फ भरून मिटलेल्या एका पापणीवर दोन मिनिटं ठेवा. गारव्याने ते विकर मंदावतं. पापणी स्पष्ट वर आली तर बिघाड स्नायूच्या बाजूचा असण्याची शक्यता वाढते. सर्पविषावरचं औषध यापैकी कशासाठीही थांबवायचं नाही. बाटली उघडण्याआधी ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून ठेवा : 1:1000 चं 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत देण्यासाठी. लहान मुलालाही बाटल्या मोठ्यांइतक्याच लागतात, कारण सापाने सोडलेलं विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही.

प्रश्न : विष फटीच्या अलीकडे बसतं की पलीकडे, हे प्रयोगशाळेत कसं ओळखतात? प्रकल्पासाठी करता येईल का?
— एम. एस्सी. प्राणिशास्त्र, नांदेड

उत्तर : यासाठी सर्वांत उपयोगी पडते ती कोंबडीच्या पिल्लाच्या मानेतली बायव्हेंटर सर्व्हायसिस स्नायूची तयारी. 1960 साली गिन्सबोर्ग आणि वॉरिनर यांनी ती मांडली आणि आजही विषांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत ती चालते. या स्नायूत असे तंतू असतात की चेता न चेतवता नुसतं असिटिलकोलीन टाकलं तरी ते आकसतात. त्यामुळं चेतेमार्फत आलेला प्रतिसाद आणि ग्राहीचा थेट प्रतिसाद, दोन्ही एकाच तुकड्यावर तपासता येतात.

साधारण चार ते दहा दिवसांच्या पिल्लाचा स्नायू चेतेसह काढून 5 मिलिलिटरच्या कुंडात टांगतात. द्रावण क्रेब्जचं. एका लिटरला सोडियम क्लोराइड 6.9 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 0.35, सात पाण्यांचं मॅग्नेशियम सल्फेट 0.29, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 0.16, सोडियम बायकार्बोनेट 2.1, ग्लुकोज 2.0 आणि दोन पाण्यांचं कॅल्शियम क्लोराइड 0.37 ग्रॅम. 95 टक्के प्राणवायू व 5 टक्के कार्बन डायऑक्साइड यांचे बुडबुडे आधी सोडा आणि कॅल्शियम सगळ्यांत शेवटी, वेगळं विरघळवून घाला. हा क्रम चुकला की द्रावण दुधाळ होतं, कॅल्शियम साक्यात जातं आणि चेतेतून असिटिलकोलीन सुटतच नाही. मग दोष विषाचा की द्रावणाचा, ते कळायला मार्ग उरत नाही.

तापमान 34 अंश सेल्सियस, सुरुवातीचा ताण 1 ग्रॅम. चेतेला दर दहा सेकंदांनी एक विद्युत-ठोका, 0.2 मिलिसेकंदाचा, पूर्ण प्रतिसाद मिळेल इतक्या व्होल्टचा. स्नायू स्थिरावला की ग्राही अडवणारं ट्युबोक्युरारिन 10 मायक्रोमोलर टाका. आकुंचन पूर्ण थांबलं तर ठोका चेतेलाच बसतोय, स्नायूला थेट नाही, याची खात्री होते. वारंवार धुऊन आकुंचन परत आणा. मग ठोके बंद करून असिटिलकोलीन 1 मिलिमोलर 30 सेकंद, त्याच्यासारखंच ग्राहीवर काम करणारं कार्बाकोल 20 मायक्रोमोलर 60 सेकंद आणि ग्राहीशिवाय स्नायूला थेट आकसवणारं पोटॅशियम क्लोराइड 40 मिलिमोलर 30 सेकंद, असे तीन प्रतिसाद नोंदवा. प्रत्येकानंतर धुवायचं. यानंतर ठोके पुन्हा सुरू करून किमान अर्धा तास आलेख सपाट चालतो का पाहा आणि मगच विष घाला. 10 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हे प्रमाण नेहमीचं. आकुंचन थांबल्यावर तेच तीन प्रतिसाद पुन्हा घ्या.

वाचन असं : ठोक्याचं आकुंचन गेलं, पण असिटिलकोलीन व कार्बाकोलचे प्रतिसाद शाबूत असतील, तर विष अलीकडे, चेतेच्या टोकावर आहे. तेही गेले आणि पोटॅशियमचा प्रतिसाद राहिला, तर विष पलीकडे, ग्राहीवर आहे. पोटॅशियमचाही गेला किंवा स्नायूचा मूळ ताण चढत गेला, तर विष स्नायूच मारतंय. नागाचं विष घेतलं तर दुसरं चित्र लवकर दिसतं. मण्यारीचं अख्खं विष घेतलंत तर ग्राहीवर बसणारी प्रथिनं आधी काम करतात आणि बीटा-बंगारोटॉक्सिनचा परिणाम त्यांच्याखाली झाकला जातो. नवशिक्याचा निष्कर्ष हमखास इथं घसरतो. म्हणून आधी विष वेगळं करावं लागतं : सेफाडेक्स जी-50 च्या स्तंभातून आकारानुसार, मग उच्चदाब क्रोमॅटोग्राफीने. बीटा-बंगारोटॉक्सिन सुमारे 21 किलोडाल्टनचं. जेलवर मर्कॅप्टोइथेनॉल घातलं की दोन पट्टे दिसायला हवेत, साधारण 14 आणि 7 चे. ग्राहीवरची प्रथिनं 6 ते 8 किलोडाल्टनची असल्यामुळं साध्या जेलमधून रंगवताना धुऊन जातात. ट्रायसिन जेल वापरा.

बाकीच्या चुका किरकोळ वाटतात, पण त्याच आठवडे खातात. अत्यल्प प्रमाणातलं प्रथिन काचेला चिकटून राहतं, द्रावणात 0.1 टक्का बोव्हाइन अल्ब्युमिन ठेवा. एकच नळी पुन्हापुन्हा गोठवू-वितळवू नका, सुरुवातीलाच वाटे करा. तापमान पाच-सात अंशांनी उतरलं तर अलीकडे काम करणारं विष इतकं मंदावतं की ते निष्क्रिय वाटावं. कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम वापरलं की फॉस्फोलायपेज थंडावतं, आणि परिणाम खरंच त्या विकराचा आहे का, याची ही चांगली कसोटी आहे. वाळवलेल्या विषाची भुकटी उडते, नाका-डोळ्यांत जाऊन अंगात तीव्र ॲलर्जी बसवू शकते. ती उघडताना मुखपट्टी, चष्मा आणि बंद कक्ष हवाच. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. विष परवानाधारक केंद्राकडूनच आणायचं. सर्पमित्राकडून साप पकडवून विष काढून घेणं वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग तर आहेच, शिवाय कोणत्या सापाचं, कुठलं आणि कसं साठवलेलं विष, ही नोंद नसलेल्या नमुन्यावरचा निकाल कोणी ग्राह्य धरत नाही.

आलेख पाहताना हेही ध्यानात असू द्या की स्नायूवर ग्राही गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश अडल्याशिवाय आकुंचन कमी व्हायला लागत नाही. त्यामुळं आलेख बराच वेळ सपाट राहतो आणि मग झपाट्याने खाली येतो. रुग्णातही हेच होतं. दोन तास ठीक असलेला माणूस बघता बघता लुळा पडतो. त्याला घरी सोडायची घाई जिवावर बेतते ती यामुळं.

प्रश्न : लाल विंचवाचंही विष चेतांवरच काम करतं म्हणे. मग लेकराचे हातपाय लुळे का पडत नाहीत? उलट ते घामाघूम होतं आणि हातपाय गार पडतात.
— आशा कार्यकर्ती, अंबड तालुका (जि. जालना)

उत्तर : ताई, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. मण्यार निरोप बंद पाडते. लाल विंचवाचं विष तो थांबूच देत नाही. त्यातली प्रथिनं चेतांमधल्या सोडियमच्या दारांवर बसतात आणि ती वेळेवर मिटू देत नाहीत. चेता पुन्हापुन्हा पेटत राहतात. हृदय आणि रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या चेतांवर याचा फार मोठा मारा होतो. म्हणून घाम, उलट्या, गार हातपाय, मुलग्यांमध्ये लिंगताठरता. पुढं रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी होतं.

यावर प्राझोसिन द्यायचा मार्ग डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात काम करताना घालून दिला. ते मूळचे तुमच्याच जालना जिल्ह्यातले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिन आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं आणि हृदयावरचा भार उतरवतं. मुलांना वजनाच्या दर किलोला 30 मायक्रोग्रॅम. 15 किलोच्या मुलाला 450 मायक्रोग्रॅम, म्हणजे 1 मिलिग्रॅमची साधारण अर्धी गोळी. हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. गोळी साधीच हवी. सावकाश विरघळणारी 2.5 किंवा 5 मिलिग्रॅमची गोळी इथं चालत नाही आणि ती फोडून देणं तर धोक्याचं. गोळी दिल्यावर मुलाला आडवंच ठेवा. आई उचलून कडेवर घेते आणि रक्तदाब एकदम पडतो, हे टाळायचं. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. नुसत्या जागेवरच्या ठणक्याला प्राझोसिन लागत नाही. घाम आणि गार हातपाय ही खूण. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, प्राझोसिनसोबत विंचवाचं प्रतिविषही मिळालेले रुग्ण नुसत्या प्राझोसिनवाल्यांपेक्षा लवकर सावरले.

याच लाल विंचवाच्या विषातून 1990 साली आयबेरियोटॉक्सिन वेगळं केलं गेलं. 37 अमिनो आम्लांचं हे प्रथिन पोटॅशियमच्या एका ठरावीक दारालाच अडवतं. रक्तवाहिन्यांचे स्नायू कसे सैल होतात, हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळा ते विकत घेतात. आपल्या बांधावरच्या दगडाखाली राहणाऱ्या जिवाची ही देणगी शाळेतल्या मुलांना जरूर सांगा.

प्रश्न : धनुर्वाताने अंग ताठतं आणि बोटॉक्सने स्नायू सैल पडतो. दोन्ही जवळच्या नात्यातल्या जंतूंची विषं, हे कसं?
— विज्ञान शिक्षक, उदगीर

उत्तर : नुसते जंतूच जवळचे नाहीत, दोन्ही प्रथिनांचा घावही एकाच जागी पडतो. पुटिकेला चेतेच्या आवरणाशी जोडायला सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रथिन लागतं. 1992 साली इटलीतल्या शियाव्हो आणि मोंतेकुको यांच्या गटाने दाखवलं की धनुर्वाताचं विष आणि बोट्युलिनमचा (बोटॉक्स ज्या विषापासून बनतं त्याचा) बी प्रकार, दोघंही ते अगदी त्याच दुव्यावर तोडतात. फरक जागेचा आहे. बोट्युलिनम स्नायूजवळच्या टोकातच थांबतं, तिथला निरोप बंद होतो, स्नायू सैल पडतो. धनुर्वाताचं विष त्याच चेतेतून उलट्या वाटेने मज्जारज्जूत चढतं आणि तिथं स्नायूंना आवर घालणाऱ्या चेतांचा निरोप तोडतं. आवर सुटला की जबडा बसतो, पाठ कमानीसारखी वळते. बोटॉक्स हा ए प्रकार. तो स्नॅप-25 हे दुसरं प्रथिन तोडतो. 1989 साली अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्यांच्या झटक्यांवरचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो.

मुलांना हेही सांगा की धनुर्वात होऊन बरा झालेल्यालाही लस घ्यावी लागते. रोग घडवणारी विषाची मात्रा इतकी कमी असते की शरीर त्यातून प्रतिकारशक्ती शिकत नाही. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचा टीडीचा (धनुर्वात व घटसर्पाच्या लसीचा) डोस शाळेतून चुकू देऊ नका.

प्रश्न : घोड्याच्या रक्ताशिवाय सापाचं औषध होणार, असं वाचलं. कधी मिळेल?
— वाचक, धाराशिव

उत्तर : दुकानात किंवा दवाखान्यात अजून नाही. 2024 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेने संगणकावर रचलेली छोटी प्रथिनं नागाच्या वर्गातली चेताविषं धरतात आणि उंदीर वाचतात, हे जानेवारी 2025 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी 2024 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहभागाने एक मानवी प्रतिपिंड तयार झालं, तेही ग्राहीवर बसणाऱ्या लांब साखळीच्या विषांवर. दोन्हींचा मारा फटीच्या पलीकडच्या विषांवर आहे. मण्यारीच्या फॉस्फोलायपेजवर ती चालणार नाहीत.

तिथं आशा आहे ती व्हॅरेस्प्लॅडिब या रेणूची. तो त्या विकरालाच अडवतो, आकाराने लहान आहे आणि त्याचं एक रूप तोंडाने देता येतं. भारत आणि अमेरिकेत रुग्णांवर त्याची चाचणी झाली. मुख्य निकषावर स्पष्ट फायदा दिसला नाही, पण दंशानंतर लवकर औषध मिळालेल्या रुग्णांत सुधारणेची चिन्हं होती. असं औषध सिद्ध झालं तर आखाड्यावरून दवाखान्यापर्यंतच्या वाटेतच पहिला डोस देता येईल, चेतेची टोकं मरायच्या आत.